मोठी शंका असेल तर बस

आमच्या मंडळीत एक रीत आहे, ती दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये मी पाहिलेली नाही. उपदेश संपला की पाळकसाहेब पवित्र शास्त्र मिटतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "कोणाला काही शंका?" मग थांबतात. पेटीवाला पेटीवर बोटं ठेवून तयार असतो, पण वाजवत नाही. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत कुणाचं तरी लेकरू कुरकुरतं. कोणी उठत नाही. मग शेवटचं गीत होतं, आशीर्वाद होतो आणि आम्ही सगळे चपला शोधायला लागतो.

नवीन आलेली माणसं विचारतात, हे काय मध्येच? तरुण पोरं त्याला 'पॉज' म्हणतात. ही रीत लावणारे पाळक बदली होऊन गेले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. नंतरच्यांनी ती का चालू ठेवली, ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही. मला येईल. त्या थांबण्याच्या जागी पूर्वी एक बाई उभी राहायची. उंचीनं एवढीशी, उभी राहिली तरी मागच्याला वाटावं बसलीच आहे. खांद्यावरून पदर घट्ट ओढून घ्यायची, घसा साफ करायची आणि म्हणायची, "पाळकसाहेब, एक शंका."

सुगंधाबाई भालेराव. आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो. मागून लोक 'शंकाबाई' म्हणायचे, आणि ते बाईंना ठाऊक होतं. "बरं नाव आहे," म्हणायच्या, "निदान कशाबद्दल ठेवलंय ते तरी कळतं."

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. भायखळ्याची चाळ सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो. स्वतःचा ब्लॉक, स्वतःचा संडास, यापुढं काही मागायचं नव्हतं. इमारतीमागं मिठागरं, उन्हात डोळे दिपायचे. सामान अजून पोत्यांतच होतं, तेव्हा तळमजल्यावरून बाई वर आल्या. हातात झाकलेलं पातेलं. "सलाम. तुम्ही भायखळ्याच्या मंडळीतल्या ना? पाणी आणलंय. आधी पाणी घ्या, ओळख मग करू." भाईंदरमध्ये त्या काळी पाणी घेऊन येणारं माणूस म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल.

बाई महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेले खडूचे तुकडे कायम. शाळा सुटली तरी खडू सुटला नाही. घरी गेलं की चहा. आणि चहा टाकताना दर वेळी विचारणार, "मार्था, साखर किती?"

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो बाई, रोज दोन चमचे घेते मी. पाठ नाही का झालं अजून?"

"पाठ आहे गं. पण काल दोन घेतलेस म्हणून आज घेशीलच असं कुठंय? माणूस बदलतो. न विचारता ओतायला मी काय तुझी सासू आहे?"

आमचे हे त्यावर इतके हसले, की पुढं आठवडाभर मी काही करायला गेले की म्हणायचे, "विचारलंस का? सासू आहेस का?"

दुसरी एक सवय. प्रार्थना संपून सगळ्यांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले, तरी बाईंचे मिटलेलेच. पेटी वाजायला लागली तरी मिटलेले. विचारलं तर म्हणाल्या, "आपलं बोलून झालं म्हणून लगेच उठायचं? समोरच्यालाही बोलू द्यावं की थोडं."

आमची मंडळी तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून बसायचं, फळ्यावर शनिवारची गणितं तशीच. मंडळीचा कारभार पंचांकडे, म्हणजे पाचसात वडीलधाऱ्यांकडे. बाकी सगळे पुरुष आणि एकट्या बाई. एकदा पंचांची सभा बाईंच्याच घरी होती. मी भजी तळायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. विषय होता, उपासनेला बायका येत नाहीत. गायकवाड म्हणून मुख्य पंच होते, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आवाज मोठा. ते म्हणाले, "मुंबईत होत्या तोवर येत होत्या. इथं ब्लॉक मिळाले आणि बायकांचा विश्वास थंडावला. टीव्ही बघत बसतात." दुसरे म्हणाले, उपवास-प्रार्थना ठेवू. तिसरे म्हणाले, घरोघरी जाऊन समज देऊ. सगळ्यांचं बोलून झालं. बाईंनी विचारलं, "गायकवाडसाहेब, एक शंका. तुमच्या इमारतीत रविवारी टँकर किती वाजता येतो?"

गायकवाडांनी भजं खाली ठेवलं. "टँकर? त्याचा काय संबंध?"

"येतो किती वाजता?"

गायकवाडांना माहीत नव्हतं. शेजारच्याला माहीत नव्हतं. जमलेल्यांपैकी एकाही पुरुषाला आपल्या घरी पाणी कधी येतं ते माहीत नव्हतं. मग बाईंनी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "मार्था, टँकर?"

"साडेचार ते सहा," मी म्हटलं. "हंडा घेऊन उभं नाही राहिलं तर तो भैया थांबतोय होय!"

उपासना सकाळी नवाला ठेवली, आणि पुढच्याच रविवारी बाक कमी पडले. गायकवाड मोठ्या मनानं हसले त्यावर, मला आठवतंय. तेव्हा हसता येत होतं.

पण बाईंना खरं पाहायचं तर शब्बाथशाळेत. उपासनेच्या आधी लहान मुलांचा वर्ग, तो बाईंचा. बाकीकडं मुलांकडून वचनं पाठ करून घेतात. बाईही घ्यायच्या, पण वर्गाची फी म्हणून प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा. प्रश्न नसेल तर दाराशी उभं राहून विचार करायचा, सुचला की आत. "प्रभू बारा वर्षांचा असताना मंदिरात हरवला," बाई सांगायच्या, "आईबाप तीन दिवस शोधतायत. सापडला तेव्हा काय करत होता? पंडितांमध्ये बसून प्रश्न विचारत होता! आणि तुम्ही इथं माझ्यासमोर तोंडं शिवून बसता होय रे?"

एखादं पोर हात वर करायचं. "बाई, शंका आहे."

"कसली? लघु असेल तर बाहेर जाऊन ये. मोठी असेल तर बस आणि विचार."

हा विनोद मुलं दर रविवारी नव्यानं हसायची. आमच्या पोरांच्या तोंडी तर घरीदारी तेच बसलं होतं. त्यांत रिबेका होती. लोंढ्यांची मुलगी, आमच्याच इमारतीतली. वेण्या वर बांधलेल्या, पुढचे दोन दात मोठे, आणि श्वास घेताना जरा जास्तच घेतेय असं वाटायचं. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही. नोहाच्या तारवाची, म्हणजे पापी जग बुडवणाऱ्या पुराची आणि प्राणी वाचवणाऱ्या नावेची गोष्ट झाली आणि हिचा हात वर.

"बाई, तारवात मासे घेतले होते का?"

"तुला काय वाटतं?"

"कशाला घेतील? ते पोहतात की. उलट पुरात त्यांची मजाच झाली असेल." मग तिचं तोंड गंभीर झालं. "म्हणजे बाई, सगळ्यांना शिक्षा झाली आणि माशांना नाही झाली. मग माशांनी काहीच पाप केलं नव्हतं का?"

मी दाराशी माझ्या धाकट्याला घ्यायला उभी होते. बाईंचा चेहरा काय खुलला म्हणता! त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, उजवा तळहात वर केला, पांढराफटक, आणि सगळ्या वर्गाला दाखवला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "साठ वर्षांची झाले, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रिबेका, तूही शोध, मीही शोधते."

तो वर केलेला तळहात ही त्यांची खूण होती. 'माहीत नाही' म्हणताना कुणी मान खाली घालतं, कुणी विषय बदलतं. बाई हात उघडून दाखवायच्या, म्हणजे बघा, इथं काही लपवलेलं नाही. मुलांनाही ती सवय लागली होती. गणिताच्या तासाला मास्तरांसमोर असा हात केला म्हणून आमच्या धाकट्यानं एकदा मारही खाल्ला.

नव्वदनंतर आमच्या मंडळीला स्वतःचे पाळक मिळाले. प्रमोद वाघमारे. तरुण, देखणे, आवाज असा की माइक नको. आणि हे प्रमोद म्हणजे भायखळ्याला बाईंच्याच हाताखाली शिकलेले, दिवसा शाळेत आणि रविवारी शब्बाथशाळेत. बाईंचा आनंद काय सांगू! आल्या-गेल्याला सांगायच्या, "तिसरीत होता. मला म्हणतो, बाई, यहूदानं प्रभूला पकडून दिलं, पण यहूदासाठी कुणी प्रार्थना केली का? मी म्हटलं, माहीत नाही रे, तू करतोस का? तर पोरगा आठवडाभर यहूदासाठी प्रार्थना करत होता. आई विचारायची, हा कोण तुझा नवीन मित्र? मी तेव्हाच ओळखलं, हा पाळक होणार."

घरी आले की बाई त्यांना 'प्रमोद, अरे' म्हणायच्या. चर्चमध्ये मात्र 'पाळकसाहेब' आणि 'तुम्ही'. त्यात कधी चूक नाही. सुरुवातीला उपदेश झाला की प्रमोद स्वतःच बाईंकडे बघायचे, आज काय? बाई उठायच्या, शंका विचारायच्या, दोघांत दोन वाक्यं व्हायची आणि लोक ती घरी जाताना चघळायचे.

मग मंडळी वाढली. मीरा रोडहून, इंद्रलोकहून लोक यायला लागले. रोग्यांसाठी प्रार्थना सुरू झाल्या. एकाची पाठ बरी झाली, एकीचा ताप उतरला, त्यांनी मंडळीपुढं उभं राहून त्याच्या साक्षी दिल्या. प्रमोद खरंच झटायचे हो, रात्र नाही पाहिली, पाऊस नाही पाहिला. पण लोकांनी डोक्यावर घेतलं की माणसाला खाली कोण उभं आहे ते दिसेनासं होतं. बाईंची शंका आता त्यांना लांबण वाटायला लागली. "वेळ झालाय बाई," म्हणायचे. पेटीवाल्याला खूण करायचे.

रिबेका आजारी पडली ती त्याच सुमाराला. हृदयाची झडप खराब होती. डॉक्टरांनी उशीर झालाय म्हणून सांगितलं, तरी जे करायचं ते लोंढ्यांनी केलं. मंडळीनं साखळी-प्रार्थना ठेवली, एकानंतर एक घर. आणि एका रविवारी प्रमोदांनी व्यासपीठावरून सांगितलं, "मला प्रभूनं दाखवलंय. रिबेका उठेल. याच हॉलमध्ये गीत गाईल." लोक रडले. लोंढेबाईंनी, तिच्या आईनं, गुडघे टेकले. बाई मागच्या बाकावर होत्या. त्या दिवशी त्यांनी शंका विचारली नाही. घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "दाखवलं असेल. मला कसं कळणार?"

रिबेका उठली नाही. मुलांचं शवपेटीमागून चालणं मी अजून विसरले नाही. पेटीवर कुणीतरी कागदाचा मासा ठेवला होता. रंगीत खडूनं रंगवलेला.

त्यानंतरचा रविवार. लोंढेबाई आल्या आणि त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. मी त्यांच्या मागं. प्रमोदांचे डोळे सुजलेले होते. त्यांनाही काही कमी दुःख नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. पण लोक त्यांच्याकडे बघत होते, आणि तुम्ही तर म्हणाला होतात, हे प्रत्येकाच्या तोंडावर होतं. ते बोलायला लागले.

"मंडळीत अविश्वास शिरलाय. प्रभू द्यायला तयार होता. आपला विश्वास कमी पडला. जिथं शंका असते तिथं प्रार्थना अडते."

मी लोंढेबाईंची पाठ बघत होते. ती पाठ वाकत गेली, वाकत गेली, कपाळ बाकाच्या फळीला टेकलं.

मागून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"पाळकसाहेब, एक शंका."

"आज नको, बाई."

"आजचीच आहे. विश्वास कमी पडला म्हणालात. कोणाचा? पोरीचा? तिच्या आईचा? माझा? की तुमचा? तेवढं सांगा. असं मोघम बोललं, की ज्याचं दुःख सगळ्यात मोठं तोच ते उचलून घरी नेतो."

प्रमोदांचा चेहरा लाल झाला. "बाई, ही उपासना आहे. इथं शंका घेऊ नका."

"घेत नाही, विचारते. शंका घेणं वेगळं, शंका विचारणं वेगळं. हे मी तुला तिसरीत शिकवलंय."

तुला.

तोंडातून निघून गेलं. माझी खात्री आहे, ते ऐकून सगळ्यात जास्त बाईच दचकल्या. तरुण पोरांच्या बाकावर कुणीतरी फिसकन् हसलं, मग आणखी दोघं. दुःखाच्या जागी माणसाला नको ते हसू येतं, तसलं. पण व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसाला ते कसं ऐकू आलं असेल? प्रमोदांनी शास्त्र मिटलं, गीत न घेता आशीर्वाद दिला आणि मागच्या दारानं निघून गेले.

प्रश्न तिथंच पडून राहिला. लोकांच्या लक्षात राहिलं ते 'तुला'.

पंचांची सभा बसली. या वेळी बाईंच्या घरी नव्हती. त्यांना एकटं जायला नको म्हणून मी सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. गायकवाड म्हणाले, "बाई, तुम्ही प्रभूच्या घरात पाळकांना एकेरीत बोललात. आणि पाळकांवर शंका घेतलीत."

"एकेरी बोलले ते चुकलं," बाई म्हणाल्या. "पाळकसाहेब, माफ करा. मंडळीपुढंही मागते माफी. आता प्रश्नाचं उत्तर द्या."

"उत्तर द्यायला ही काय परीक्षा आहे?"

"परीक्षाच आहे, गायकवाडसाहेब. त्या आईची."

प्रमोद टेबलाकडे बघत होते. ते बोलले असते, ओरडले असते, तरी बाईंना चाललं असतं. शेवटी ठरलं, की बाईंचं वय झालंय, त्यांना शब्बाथशाळेतून विश्रांती द्यावी. 'विश्रांती' हा शब्द गायकवाडांनी फार हळू उच्चारला. बाईंनी पर्स उघडली, रुमालातले खडूचे तुकडे काढले आणि टेबलावर ठेवले. "वर्गाला लागतील," म्हणाल्या.

परत येताना आम्ही मिठागराच्या कडेनं चाललो होतो. ऊन उतरलं होतं. बाई म्हणाल्या, "मार्था, तुला एक सांगते, पण लोंढेबाईच्या कानावर जाता कामा नये. तो प्रश्न माझा नव्हता गं. मी आपला निरोप पोचवला."

"कोणाचा?"

"रिबेकाचा. मी भेटायला गेले होते. आई औषध आणायला बाहेर गेली, तशी मला जवळ बोलावलं. म्हणाली, बाई, मोठी शंका आहे. मी बसले. म्हणाली, सगळे म्हणतात मी उठणार. मी नाही उठले तर कोण खोटं पडेल? देव, पाळककाका, का मी? माझाच विश्वास कमी असेल का? आईला विचारू नका, ती रडते."

"मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

समोरून टँकर आला. बाई मला हाताला धरून बाजूला झाल्या. टँकर गेला, धूळ खाली बसली, आणि बाई पुढं चालायला लागल्या. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

वर्ग दुसऱ्या एका मुलीकडे गेला. चांगली होती, पण घाबरट. तिनं प्रश्नोत्तरावली सुरू केली. प्रश्न छापलेले, उत्तरंही छापलेली. मुलं दोन्ही पाठ करायची आणि एका सुरात म्हणायची. उपासनेच्या आधी तो सूर हॉलमध्ये घुमायचा. बाई मागच्या बाकावर येऊन बसलेल्या असायच्या. कधी चुकल्या नाहीत. लोक म्हणायचे, दुसऱ्या मंडळीत जा की. "का?" विचारायच्या. "माझं भांडण कुठं झालंय? माझा प्रश्न इथं राहिलाय. तो सोडून कुठं जाऊ?" पण उठून उभ्या राहिल्या नाहीत त्या परत. आमच्या धाकट्यानं एकदा सवयीनं विचारलं, "बाई, शंका आहे." तर बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझ्या नव्या बाईंना विचार, राजा." तो घरी येऊन मला म्हणाला, "आई, बाईंना आता येत नाही का?"

लोंढेबाई मात्र रविवारी दुपारी बाईंकडे यायच्या. गुपचूप, जिन्यातून खाली कोणी नाही बघून. सगळी मंडळी त्यांना काही ना काही सांगत होती. देवाला आवडली म्हणून नेली. रडू नको, तिच्या आत्म्याला त्रास होतो. दुसरं होईल. बाई काही सांगायच्या नाहीत. चहा टाकताना साखर किती विचारायच्या, आणि समोर बसून म्हणायच्या, "आज रिबेकाचं काय आठवलं?" एवढंच. मग लोंढेबाई बोलायच्या. एकदा मी लिंबं द्यायला गेले तर दोघी हसत होत्या. रिबेकानं माशांच्या पापाबद्दल घरीही विचारलं होतं आणि लोंढ्यांनी त्या रविवारी बोंबील खाल्ले नव्हते म्हणे! हसता हसता लोंढेबाईंनी पदर तोंडाला लावला. बाईंनी त्यांना थांबवलं नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी बाई दार उघडेनात. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिनं आयुष्यभर विचारलं तिची वाचाच जावी! मी त्या दिवसांत देवाशी नीट बोलले नाही. आम्ही बायकांनी पाळ्या लावल्या. डोळे तसेच होते, लखलखीत. चहा भरवताना मी मुद्दाम विचारायचे, "बाई, साखर किती?" डाव्या हाताचं एक बोट वर व्हायचं. दुसऱ्या दिवशी दोन. बदलायच्या त्या, मला कळावं म्हणून.

प्रमोद आले ते दुपारी. एकटेच. पंचांच्या त्या सभेनंतर त्या घरात पहिल्यांदा. केस पांढरे व्हायला लागले होते. खाटेजवळ उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. "प्रभू, तू बाईंना..." म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांच्याच्यानं होईना. रिबेकानंतर ते कुणालाही 'उठशील' म्हणाले नव्हते, हे मला माहीत होतं. कसंबसं आमेन म्हणून बाहेर आले आणि गॅलरीत बूट घालायला वाकले. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "मार्थाताई, बाई माझ्याबद्दल काही बोलायच्या का?"

"यहूदाची गोष्ट सांगायच्या," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

त्यांचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला. आणि मग मी सांगितलं. लोंढेबाईला सांगू नको म्हणाल्या होत्या, यांना सांगू नको असं म्हणाल्या नव्हत्या. तो प्रश्न कोणाचा होता, खाटेवरून कसा विचारला होता, 'का मी' पर्यंत सगळं सांगितलं.

पुढच्या रविवारी काय झालं ते आधी सांगून टाकते. प्रमोदांनी भर मंडळीत लोंढेबाईंचं नाव घेतलं आणि म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ते मला माहीत नसताना बोललो. तुमचा विश्वास कमी नव्हता. तिचाही नव्हता." लोंढेबाई उठून उभ्या राहिल्या, का ते त्यांनाही कळलं नसावं, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग प्रमोदांनी शास्त्र मिटलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कोणाला काही शंका?" आम्ही सगळ्यांनी वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. बाई तेव्हा घरी खाटेवर होत्या. त्याच आठवड्यात मी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले आणि माझ्यामागं बाई वारल्या. मला माती द्यायला मिळाली नाही.

म्हणून माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते त्या दुपारचंच. प्रमोदांनी बूट पुन्हा काढले. आत गेले. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, एक शंका आहे."

बाईंनी डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं खाटेच्या कडेवर दोनदा थोपटलं. प्रमोद बसले.

"रिबेकाला तुम्ही काय सांगितलंत?"

डावा हात गादीवरून उचलला गेला. हळूहळू वळला, आणि तळहात वर झाला. उघडा. त्यावर खडू नव्हता, औषधाचा एक पिवळा डाग तेवढा होता.

प्रमोद त्या हाताकडे बघत राहिले. मी चहा टाकायला आत गेले. साखर किती ते विचारायला परत आले, तर दोघांचे डोळे मिटलेले होते. हात तसाच उघडा. आमेन कोणीच म्हटलं नव्हतं.